पाण्यात पाहणं

रात्री अडीचला निरोप आला: बुसानच्या पाहुण्याला ताप,
उद्या येत नाही, पैसे ठेवून घ्या.
म्हणजे एक जागा रिकामी, एक डबा जास्तीचा.
पहाटे मी आईला म्हटलं, चल.

ती तेव्हा खाचरातच. पोटरीपर्यंत चिखल,
हातात कोयती, काखेत अळूची तीन पानं.
"माझं काय काम तिथं?"
काहीच नाही, म्हटलं. म्हणून तर.

पलाऊत वाटणी जुनी आहे:
चिखल बायकांचा, समुद्र पुरुषांचा.
मी ती मोडली त्याला सप्टेंबरात पाच वर्षं होतील.
तेव्हापासून आई माझ्या वल्ह्याला, माझ्या कयाकला,
मिठानं पांढऱ्या पडलेल्या माझ्या टोपीलासुद्धा
पाण्यात पाहत आली.

रेंगीलनं इंजिन बंद केलं.
बेटं इथली कुत्र्याच्या छत्र्यांसारखी,
बुंध्याशी लाटांनी कुरतडलेली, वर गच्च हिरवी.
आई माझ्या पुढच्या जागेत. वल्हं तिनं
खुरप्यासारखं धरलं
आणि पाणी खणायला लागली.
"खणू नकोस गं, ओढ."
"आता तू मला शिकव."
शिकवलं. तिनं ऐकलं नाही.
तरी आम्ही सरळच गेलो.

बोगद्यात ओहोटीला हातभर जागा उरते.
सगळे उताणे झालो, नाकावरून दगड सरकत गेला.
ऑस्ट्रियाचा दंतवैद्य म्हणाला, घशातून चाललोय आपण.
मी आईला सांगितलं. ती म्हणाली,
"मग बघ म्हणावं, कुठं दुखतंय का बेटाला."

पलीकडे पाणी निवांत. मास्क वाटले.
काचेत थुंकायचं, मग खंगाळायचं.
"शी," म्हणाली, आणि थुंकली.
पट्टा केसांत अडकला, सोडवला.
नळी दातांत धरून ती माझ्याकडे बघत राहिली,
शाळेच्या फाटकाशी
मी कधीतरी तिच्याकडे पाहिलं असेल तशी.
मग तोंड पाण्यात घातलं.

मोजणं हे माझं काम: सहा माणसं, सहा नळ्या, सहा पाठी.
पाच पाठी वाकड्यातिकड्या सरकत होत्या.
सहावी जागची हलेना.
मी हात मारत गेले, छातीत धडधड,
तर नळीतून आवाज येतोय.
आई बोलत होती.
नावं घेत होती, एकेका माशाचं.

बासष्ट वर्षं ज्यांना तिनं खवल्यांवरून ओळखलं, काट्यांवरून,
रश्श्यातल्या पांढऱ्या डोळ्यावरून,
ते सगळे रंग लेवून समोरून चालले होते
आणि कुणालाच घाई नव्हती.

खाली थोरला शिंपला, ओठ निळेजांभळे.
तसल्याच एका कवचाचा तुकडा आमच्या चुलीशी आहे,
कंद सोलून सोलून धार गेलेला.
आईची सावली पडली, तो मिटला.
ती बाजूला झाली, तो उघडला.
पुन्हा सावली.
पुन्हा.
शेवटी मीच तिचा पाय ओढला.

वाळूवर डबे उघडले. आम्ही बेंतोच म्हणतो,
जपानी गेले, डबा राहिला.
आईनं भात खाल्ला. कोंबडी खाल्ली.
तळलेला मासा हातात घेऊन उलटा केला, सुलटा केला.
"हा तिथं निळा होता," म्हणाली,
आणि खाल्ला. काटे मात्र
डब्याच्या झाकणात एका रांगेत मांडले.

परतताना रेंगीलनं विचारलं, कसं वाटलं?
"खाचर बरं राखलंय. तण कोण काढतं?"
त्याला उत्तर सुचलं नाही.
पोपटमाशांना दंतवैद्य देईल तशी शाबासकी
मी मनातल्या मनात दिली.

कोरोरच्या धक्क्यावर एमाइमेलेईनं तिचं तोंड पाहिलं,
कपाळापासून ओठापर्यंत लाल वळ.
"अगं, हे काय झालं?"
"चिखलात पडले," आई म्हणाली.

मग गोड्या पाण्याच्या टाकीत माझ्याबरोबर
मास्क बुचकळताना, मान वर न करता:
"तुझ्या त्या पाहुण्यांना
ताप साधारण कधी कधी येतो?"